चिठ्ठी उचलावी की चपला घालाव्यात?

काम अडलं की दोन सल्ले हमखास मिळतात: नशिबावर सोडून बघ, नाहीतर उगाच भटकून ये. मी दोन्ही करतो, पण एकाच दुखण्यावर नाही.

सामान हाताशी आहे, पण डोकं त्याच त्या जोड्या लावतंय? मग चिठ्ठ्या. माझ्याकडे जुन्या डब्यात शंभरेक नामं लिहून ठेवलेली आहेत. एका कथेतलं भांडण तीन दिवस अडलं होतं, तेव्हा चिठ्ठी निघाली 'चाळणी'. वैतागून परत टाकणार होतो. (टाकू नका. मनासारखी येईपर्यंत उचलत बसलात, तर आधी ठरवलेलंच हाती येतं.) शेवटी भांडणारी बाई पीठ चाळत राहिली आणि निम्मे संवाद आपोआप गळाले.

मात्र डब्यात आधी काहीतरी असावं लागतं. अमेरिकन संगीतकार जॉन केजने १९५१ मध्ये नाणी उडवून पियानोची रचना केली, हे सगळे सांगतात. त्याआधी त्याने स्वरांचे, कालावधींचे तक्ते भरून ठेवले होते आणि नाण्यांनी त्यातून फक्त निवड केली, हे कुणी सांगत नाही. एवढी तयारी नको असेल तर संगीतकार ब्रायन ईनो आणि चित्रकार पीटर श्मिट यांनी १९७५ मध्ये अडलेल्या कलाकारांसाठी काढलेल्या सूचनांच्या पत्त्यांसारखे तयार पत्ते वापरा.

काय करायचंय तेच ठरलेलं नसेल, तर मात्र चपला घाला. स्टॅनफर्डच्या २०१४ मधल्या प्रयोगात चालणाऱ्यांना बसलेल्यांपेक्षा जास्त कल्पना सुचल्या, अगदी कोऱ्या भिंतीसमोर ट्रेडमिलवर चालतानाही. पण एकच अचूक उत्तर हवं असलेल्या कोड्यांत चालणारे किंचित मागे पडले. म्हणजे पाच शीर्षकं सुचवायला चाला. त्यातलं एक निवडायला घरी येऊन बसा.

आयरिश गणितज्ञ हॅमिल्टनचं उदाहरण इथे हटकून निघतं. १६ ऑक्टोबर १८४३ ला डब्लिनमध्ये कालव्याकाठी चालताना त्याला क्वाटर्नियनचं, म्हणजे चार घटकांच्या संख्यांचं, सूत्र सुचलं आणि त्याने ते चाकूने पुलाच्या दगडावर कोरलं. पण तो भटकत नव्हता, बैठकीला निघाला होता! आणि तो प्रश्न कित्येक वर्षं डोक्यात घोळत होता.

भटकण्यात वेळ फार जातो, शिवाय पाय सवयीच्या रस्त्यालाच लागतात. मी चौकात नाणं उडवतो: छापा आला तर डावीकडे, काटा आला तर उजवीकडे. मोबाइल घरी, वही खिशात. नाहीतर पुलाचा दगड शोधावा लागेल.