पावर टिलर, एक सिलिंडरचा ट्रॅक्टर की फोर व्हील मिनी? पहिल्यांदा घेणाऱ्यासाठी

"छोटा ट्रॅक्टर घ्यायचाय, किती एचपीचा घेऊ?" दिवाळीच्या आसपास हा प्रश्न घेऊन कुणी ना कुणी येतंच. माझे उलट प्रश्न ठरलेले आहेत. दोन ओळींत किती फूट जागा आहे? पाऊस पडल्याच्या दुसऱ्या दिवशी बागेत शिरावं लागतं का? आणि रोज सकाळी मशीनपाशी दहा मिनिटं कोण थांबणार? शेवटच्या प्रश्नाला बहुतेक जण हसतात. पण मशीन टिकणार की रडवणार, हे तिथंच ठरतं.

दोन-पाच एकरवाल्यासमोर साधारण तीन पर्याय असतात. एक, 12-13 एचपीचा पावर टिलर, म्हणजे मागं चालत दांडीनं धरायचं दोन चाकांचं मशीन: बंगळुरूच्या व्हीएसटीचा किंवा केरळ सरकारच्या कॅम्कोचा. दोन, 15 एचपीचा एक सिलिंडरचा ट्रॅक्टर, म्हणजे महिंद्रा युवराज 215 किंवा स्वराज 717. तीन, 20 ते 28 एचपीचा, दोन किंवा तीन सिलिंडरचा फोर व्हील मिनी, म्हणजे इंजिनची ताकद चारही चाकांना मिळणारा: कुबोटा ए211एन, महिंद्रा जिवो 245, ओजा 2121 वगैरे. तिसऱ्यातल्या वरच्या मॉडेलची किंमत पहिल्याच्या दुपटीच्या वर जाते, तेव्हा फक्त "मोठा बरा" म्हणून उडी मारू नका.

कुठं कोण चालतो

कोकणातली भातखाचरं टिलरसाठीच केल्यासारखी आहेत. दोन गुंठ्यांचं खाचर, मध्ये हातभर उंचीचा बांध, खाली उतरायला नीट वाट नाही. लोखंडी चाकं लावून टिलर चिखलणी करतो आणि दोन माणसं मिळून बांधावरून पलीकडे काढतात. ट्रॅक्टर तिथं वळेपर्यंत खाचर संपतं.

उसात एक सिलिंडरवाला चांगला. साडेचार-पाच फुटांच्या सरीत तो आंतरमशागत आणि बाळबांधणी (कोवळ्या उसाला मातीची हलकी भर) करतो, आणि मोकळ्या वेळात हलकी ट्रॉलीही ओढतो. ऊस वाढल्यावर मात्र तो आत जात नाही, मोठ्या बांधणीची वेळ त्याच्या मापानं धरावी लागते.

द्राक्षाचं वेगळं. आमच्या निफाड-दिंडोरी पट्ट्यात नऊ फुटांच्या ओळी भरपूर आहेत, त्यामुळे रुंदी तशी तिघांनाही पुरते. खरी अडचण ऑक्टोबर छाटणीनंतर येते. रात्री पाऊस झाला की डाऊनी रोगाच्या भीतीनं सकाळी फवारणी लागतेच, आणि तेव्हा काळी जमीन चाक धरून बसते. मागं ब्लोअरची, म्हणजे पंख्याच्या फवारणी यंत्राची, पाण्यानं भरलेली टाकी, पुढे निसरडी ओळ. टू व्हील, म्हणजे फक्त मागच्या चाकांना ताकद असलेला ट्रॅक्टर तिथं जागेवरच चाक फिरवत खड्डा करतो. फोर व्हीलचा जास्तीचा पैसा वर्षातल्या या दहा-पंधरा सकाळींसाठी द्यायचा असतो. तुमच्याकडे मुरमाड जमीन असेल, डाळिंब असेल, तर या पैशाची गरज नसेलही.

टेप घेऊन मोजायचंच तर ट्रॅक्टरची रुंदी मोजून थांबू नका. ब्लोअरची टाकी आणि रोटाव्हेटर बऱ्याचदा चाकांच्या बाहेर येतात. वेली मांडवावर किंवा वाय आकाराच्या आधारावर असतील तर उंचीही बघा, आणि सायलेन्सर वर तोंडाचा आहे की खाली वळवलेला, हेही. वर तोंडाचा सायलेन्सर मांडवाखाली फुटी भाजतो.

हाताला काय लागतं

टिलर चालवणं म्हणजे दिवसभर त्याच्यामागं चालणं. सीट लावलेले टिलर मिळतात, पण वळताना उतरावंच लागतं. बरेच टिलर अजूनही हँडल मारून सुरू होतात: डीकॉम्प्रेशनचा (सिलिंडरमधला दाब सोडणारा) खटका उचलायचा, हँडल वेग घेईपर्यंत फिरवायचं, मग खटका सोडायचा. अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा, हँडलला वेढा घालायचा नाही. हँडल उलटं आलं तर नुसता झटका बसतो, अंगठा मोडत नाही.

नवख्याला टिलरची एक गोष्ट कुणी सांगत नाही, ती उताराची. सपाटीवर डाव्या मुठीतला क्लच दाबला की डाव्या चाकाची ताकद तुटते, उजवं ढकलतं आणि टिलर डावीकडे वळतो. तीव्र उतार उतरताना याच्या उलट होतं. तिथं इंजिन चाकांना रोखून धरत असतं. डावं मोकळं सोडलं की तेच पुढे पळतं आणि टिलर उजवीकडे जातो. घाटातल्या वाटेवर हे पहिल्यांदा कळणं महागात पडतं. उतारावर क्लचला हात न लावता दांडी रेटूनच वळवा, आणि गियर आधीच खालचा टाका. मागं येताना रोटरी (माती फोडणारी फिरती पाती) बंद, यात तडजोड नाही.

ट्रॅक्टरवर बसलं की सगळी गंमत क्लचची. 15 एचपीच्या वर्गात सिंगल क्लच असतो. पेडल दाबलं की चाकं थांबतात आणि पीटीओ, म्हणजे मागचं अवजार फिरवणारा दांडा, तोही थांबतो. ओळीच्या टोकाला गियर बदलायला क्लच दाबला की ब्लोअरचा पंखा ढासळतो, सोडला की भरल्या भारावर पुन्हा उचलतो. दिवसाला शंभर वेळा हे झालं की क्लच प्लेटचं काय होत असेल? शिवाय पीटीओ आणि चाकं एकाच ओळीत जोडलेली असतील, तर क्लच दाबूनही फिरता पंखा ट्रॅक्टरला थोडा पुढे ढकलतो. बांधाला टेकल्यावर हा "थोडा" फार वाटतो. म्हणून ब्लोअर हे मुख्य काम असेल, तर डबल क्लच किंवा पीटीओचा स्वतंत्र क्लच आहे का, हे एचपीच्या आधी विचारा.

मी स्वतः पहिल्या हंगामात क्लचवर पाय टेकवून बसायचो, सवय मोटारसायकलची. एका छाटणीत प्लेट गेली. मेकॅनिकनं प्लेट हातात दिली आणि काही बोलला नाही.

दुसरी चूक डिझेल वाचवायची. पीटीओचे मिनिटाला 540 फेरे एका ठरावीक इंजिन गतीलाच मिळतात, ती खूण मीटरवर असते. ॲक्सिलरेटर कमी ठेवून ब्लोअर चालवला की डिझेल वाचतं आणि औषध पानाच्या मागं पोचत नाही. रेस खुणेवर ठेवा, वेग गियरनं कमी करा.

फोर व्हीलवाल्याला एक सवय जास्तीची लावून घ्यावी लागते. पुढची चाकं मागच्यांपेक्षा किंचित पुढे पळतील असे गियर असतात. मातीत हा फरक घसरून निघतो, डांबरावर निघत नाही. मग टायर झिजतात आणि गियरवर ताण येतो. रस्त्याला लागताना फोर व्हील काढायचा. त्याच वेळी ब्रेकची दोन पेडलं एकत्र अडकवायची, नाहीतर वेगात एकाच बाजूचा ब्रेक लागून ट्रॅक्टर फिरतो. डिफरेन्शियल लॉक (दोन्ही चाकं एकाच वेगानं फिरवणारा खटका) फक्त सरळ जाताना वापरा, वळायच्या आधी सुटलाय याची खात्री करा.

सकाळची दहा मिनिटं

ऑइलची दांडी, रेडिएटरचं पाणी, एअर क्लीनर, नट-बोल्ट. चौघांना हात लावायचाच, पण प्रत्येक मशीनचं दुखणं वेगळ्या जागी असतं.

टिलरचं दुखणं पट्ट्यात आणि पात्यांत. पट्टे ढिले झाले की घसरतात, तापतात आणि इंजिन ठणठणीत असून ताकद लागत नाही. नवखा माणूस मग इंजिनाला दोष देतो. पात्यांचे बोल्ट रोज आवळा. चिखलणीनंतर रोटरीच्या पेटीतलं ऑइल बघा: दुधासारखं दिसलं तर सील गेलं, पाणी शिरलं.

एक सिलिंडरवाल्याचं दुखणं थरथरीत. इंजिन भक्कम असतं, ते गावातला मिस्त्रीही खोलतो, पार्ट तालुक्याला मिळतात. पण त्या ठोक्यानं मडगार्ड, सायलेन्सर, बॅटरीची पट्टी हळूहळू सुटत जाते. पाना घेऊन एक चक्कर मारली की काम भागतं. ऑइलचा एअर क्लीनर असेल तर वाटीत खुणेइतकंच ऑइल भरा. जास्त भरलं तर इंजिन ते ओढून घेतं. तळाला गाळ बसला की बदला.

फोर व्हील मिनी चालायला मऊ, पण त्याला स्वच्छता लागते. कागदी फिल्टर असेल तर बाहेरचा आतून बाहेर हवा मारून साफ करायचा. आतला छोटा फिल्टर साफ करत बसायचं नाही, मुदत आली की बदलायचा. डिझेल पाणी शिरलेल्या कॅनमधलं चालणार नाही. टाकी कोरडी पडली की लाइनमध्ये हवा शिरते, मग एअर काढल्याशिवाय कितीही सेल्फ मारा, बॅटरीच उतरते. म्हणून संध्याकाळीच टाकी भरून ठेवा, रात्रीच्या गारव्यात आत पाणी साचायलाही जागा उरत नाही. पुढच्या एक्सलमध्ये गियर आहेत, त्यामुळे तिथलं ऑइल आणि सील हा टू व्हीलला नसलेला खर्च गृहीत धरा.

फवारणी करणाऱ्यांनी रेडिएटरची जाळी दर दिवशी बघावी. औषधाची पावडर, धूळ, वाळलेली पानं यांचा थर बसतो आणि भर थंडीत इंजिन तापतं. पाणी इंजिनाच्या बाजूनं, हलक्या धारेनं मारा. वॉशिंगच्या दाबानं पत्रे वाकतात.

पहिली सर्व्हिस बहुतेक ठिकाणी 50 तासांना असते. तास मीटरवर बघायचे, महिन्यांवर नाही. हंगामात ते तीन आठवड्यांत भरतात.

पैशांचं

22 सप्टेंबर 2025 पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी 12 वरून 5 टक्के झाला आणि ट्रॅक्टरच्या टायरवरचा 18 वरून 5, तेव्हा जुनं कोटेशन दाखवणाऱ्याला नवीन मागा. अनुदानात तीन पर्यायांना सारखी वागणूक नाही. अनुसूचित जाती व नवबौद्ध बचत गटांसाठीच्या मिनी ट्रॅक्टर योजनेत 9 ते 18 एचपीचीच मर्यादा आहे, 90 टक्के म्हणजे कमाल 3.15 लाख. गटाला 24 एचपीचा फोर व्हील त्यात बसत नाही, 15 एचपीचा बसतो. राज्य सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवरून घेणार असाल तर आधी पूर्वसंमती, मग खरेदी. उलटं केलं तर अनुदान विसरा.

माझं मत विचाराल तर: भात आणि उतार असेल तर टिलर. ऊस, भाजीपाला आणि हाताशी मिस्त्री असेल तर 15 एचपी. काळ्या जमिनीतली द्राक्षं असतील तर कर्ज थोडं वाढलं तरी फोर व्हील. दोन एकर बागेसाठी मात्र कुणी 27-28 एचपी घ्यायला सांगत असेल, तर तो कुणाच्या सोयीचं बोलतोय ते बघा.

डेमो शोरूमच्या अंगणात घेऊ नका. ट्रॅक्टर तुमच्या बागेत मागवा, तुमचाच ब्लोअर जोडा, टाकी पाण्यानं काठोकाठ भरा, आणि ओळीच्या टोकाला ज्या जागेत वळायचंय तिथं स्वतः वळवून बघा. डेमोवाल्याला खाली उतरून उभं राहायला सांगा.