स्मार्टवॉचनंतर चावीचं ‘जनता’ : वॉर्डातले नऊ महिने

गेल्या महिन्यात मॉर्निंग ड्युटीत माझं चावीचं एचएमटी ‘जनता’ घड्याळ सहा मिनिटं पुढे गेलं. दोनची ओव्हर, म्हणजे पुढच्या पाळीला पेशंटची माहिती, द्यायला मी कागद घेऊन तयार, आणि भिंतीवरचं घड्याळ म्हणतंय अजून दोन वाजायचेत. इतके महिने ज्या घड्याळाचं मी स्टाफरूममध्ये कौतुक केलं, त्याच्यावरचा विश्वास त्या दिवशी उडाला. नंतर कळलं की चूक घड्याळाची नव्हतीच. ते पुढे सांगते. हे लिहायला मात्र त्या सहा मिनिटांनीच बसवलं.

मी नाशिकला स्टाफ नर्स आहे, मेडिकल वॉर्डात. चार वर्षांत माझी दोन स्मार्टवॉच झाली. दुसरं ४,४९९ रुपयांचं, एकोणीस महिने चाललं. सुरुवातीला सात दिवस टिकणारी बॅटरी शेवटी शेवटी नाइटला पहाटे तीनलाच मान टाकायची. सर्व्हिस सेंटरमध्ये दोन खेपा झाल्या, दोन्ही सुट्टीच्या दिवशी. पहिल्या खेपेला ‘अपडेट करा’, दुसऱ्या खेपेला ‘याची बॅटरी बदलत नाहीत मॅडम, नव्यावर सूट देतो’. काच शाबूत, पट्टा शाबूत, सगळं चालतंय, आणि नखाएवढ्या बॅटरीसाठी अख्खी वस्तू कचऱ्यात टाकायची. मला ते सहन झालं नाही, अजूनही होत नाही. आमच्या घरी मिक्सरचं भांडं तीनदा झाळून वापरलंय.

त्या घड्याळाचे गुण नाकारत नाही. पावलं मोजायचं, घरचा फोन आला की मनगटावर थरथरायचं, सहाच्या इंजेक्शनचा गजर इतर पेशंटना न उठवता द्यायचं. हा शेवटचा गुण मी आजही आठवते. झोपेचं मोजमाप मात्र नाइट करणाऱ्या बाईला काही कामाचं नाही. दुपारी पडदे लावून काढलेली पाच तासांची झोप त्या यंत्राने कधी झोप म्हणून मोजलीच नाही.

पण माझं खरं काम असतं सेकंदांशी. डिगॉक्सिनची, म्हणजे हृदयाच्या औषधाची, गोळी देण्याआधी पूर्ण एक मिनिट नाडी मोजायची आणि ६० च्या खाली आली तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी द्यायची नाही, हे आम्हाला पहिल्या वर्षापासून घोटून घेतलेलं. बोटाला लावायचं यंत्र आकडा देतं, पण नाडी मध्येच चुकतेय का, भरून येतेय का, हे बोटांनाच कळतं. श्वास मोजायचे तेही पूर्ण मिनिट, आणि पेशंटला न सांगता, कारण सांगितलं की माणूस श्वास बदलतो. सलाइनचं गणित तर रोजचं. ५०० मिलीची बाटली चार तासांत घालवायची, सेट, म्हणजे सलाइनची नळी, २० थेंबांना एक मिलीचा, म्हणजे मिनिटाला साधारण ४२ थेंब. मी पंधरा सेकंदांत दहा-अकरा मोजते आणि नळीवरचं चाक सरकवते. त्या पंधरा सेकंदांत स्मार्टवॉचची स्क्रीन विझायची. हात झटकला की उजळायची, पण तोच हात पेशंटच्या मनगटावर असतो! सतत चालू ठेवायची सोय होती, ती ठेवली की बॅटरी आणखी लवकर संपायची. हा दोष मी दोन वर्षं ‘चालतं’ म्हणत सोसला. न विझणारा सेकंदकाटा हवा, एवढीच माझी मागणी होती.

मग बॅटरीचं काट्याचं घड्याळ का नाही घेतलं? प्रश्न रास्त आहे, आणि वक्तशीरपणाच बघायचा तर तेच घ्यावं. मला बॅटरी या शब्दाचाच वीट आला होता. ऑटोमॅटिकचाही विचार केला. आमच्या एका सिस्टरकडे आहे, सुरेख आहे. पण आता वॉर्डात आम्ही मनगटावर काही घालत नाही, कोपरापर्यंत हात धुवायचे असतात. घड्याळ खिशाला पिनेने अडकवायचं. ऑटोमॅटिकची चावी मनगटाच्या हालचालीने भरते, ते खिशात नुसतं लटकलं तर पुरेसं भरत नाही. तिचं सोमवारी हमखास बंद असतं. हाताने चावी द्यायचं घड्याळ कुठेही टांगा, सकाळी भरलं की चाललं. म्हणून एचएमटी जनता.

खरेदीत मी फसले, तेही सांगते. ऑनलाइन एका विक्रेत्याकडून १,४५० रुपयांना घेतलं. निळीशार चकचकीत तबकडी, ‘पूर्ण सर्व्हिस केलेलं’ असं लिहिलेलं. नवव्या दिवशी बंद पडलं. विक्रेत्याने आधी ‘चावी जास्त दिली असेल’ म्हटलं, नंतर उत्तर देणंच सोडलं. रविवार कारंजाजवळ एक घड्याळवाले काका बसतात, त्यांच्याकडे नेलं. भिंग लावून उघडलं आणि म्हणाले, “ताई, मशीन एचएमटीचंच आहे, चांगलं आहे. पण तेल वाळून गोंद झालंय. याला कोणी हात लावलेला नाही. आणि ही तबकडी रंगवलेली आहे.” जुनी घड्याळं गोळा करणारे अशा रंगवलेल्या मालाला ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात, हे मला नंतर समजलं. अक्षरं जाड, फुगलेली, आणि मिनिटांच्या रेघा असमान. पंधरावर काटा आला की तो रेघेवर न बसता अर्ध्या रेघेने पुढे. बाकी कोणाला यात काही वाटणार नाही. मी त्याच रेघांवर थेंब मोजणार होते.

काकांनी त्यांच्या डब्यातून दुसरी तबकडी शोधून दिली. पिवळट पडलेली, कडेला एक डाग, पण कारखान्याची, रेघा सुईसारख्या. १५० रुपये. सगळं मशीन सुटं करून धुऊन, तेल देऊन ६०० रुपये. एचएमटीने १९६१ मध्ये जपानच्या सिटिझनच्या सहकार्याने बंगळुरूला घड्याळं करायला घेतली, आणि जानेवारी २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने घड्याळांची कंपनी बंद करायला मंजुरी दिली. त्यामुळे भाग येतात ते जुन्या घड्याळांतून. काकांच्या बिस्किटाच्या डब्यात पंधरा-वीस मशीनं अशीच ठेवलेली आहेत. माझ्या घड्याळाचा सेकंदकाटासुद्धा त्यातल्याच एकाचा.

आता माझा मुख्य मुद्दा, ज्यावर घरचे वैतागतात: रोजचा फरक. काकांकडून आलं तेव्हा दिवसाला साधारण ४० सेकंद पुढे जायचं. ज्याने चार वर्षं फोनशी जोडलेली वेळ पाहिली त्याला ४० सेकंद म्हणजे अंगावर येतात. मी वही घातली. रोज रात्री नऊला फोनची वेळ आणि घड्याळाची वेळ. पहिला महिनाभर मी नाराज होते, खोटं का सांगा. हे परत करता आलं असतं तर केलं असतं.

मत बदललं ते एका नाइटला, वहीतच गुणाकार करताना. हे मशीन सेकंदाला पाच ठोके देतं, तासाला १८,०००, दिवसाला चार लाख बत्तीस हजार. दिवसाच्या ८६,४०० सेकंदांत ४० चा फरक म्हणजे एका मिनिटाला सेकंदाच्या तीन शतांशांएवढा. नाडी मोजताना, थेंब मोजताना तो शून्यच. मला ज्या कामासाठी घड्याळ हवं होतं त्या कामात ते पहिल्या दिवसापासून अचूक होतं. फरक फक्त ओव्हरच्या वेळेत दिसतो आणि तिथे भिंतीवरचं घड्याळ असतंच. शिवाय हा काटा टकटक उड्या मारत नाही, सेकंदाच्या आत पाच बारीक पावलं टाकतो. थेंब नेमका सेकंदाच्या अलीकडे पडला की पलीकडे, ते दिसतं.

एवढं कळूनही वही थांबली नाही. उलट त्यातून दुसरी गोष्ट सापडली. घड्याळ कोणत्या बाजूने ठेवलंय त्यावर त्याची चाल बदलते. घड्याळाची चाल ठरवणारं आतलं बॅलन्स चाक आडवं फिरतं तेव्हा त्याच्या धुऱ्यांना होणारं घर्षण वेगळं, उभं फिरतं तेव्हा वेगळं, आणि त्यात गुरुत्वाकर्षण. माझं घड्याळ दिवसा खिशाला उलटं टांगलेलं असताना पुढे जातं. रात्री तबकडी वर करून ठेवलं तरी थोडं पुढेच जातं. चावीचं बटण खाली करून उभं ठेवलं तर मात्र मागे पडतं. मग मी रात्री ते औषधाच्या रिकाम्या खोक्यात तसं उभं ठेवायला लागले. काकांनीही एकदा हलकं ॲडजस्ट करून दिलं. आज आठवड्याला मिनिटाच्या आत आहे. ज्या सवयीला मी आधी त्रास म्हणत होते ती आता दिवसाची सगळ्यात शांत दोन मिनिटं आहेत: सकाळी चहा उकळेपर्यंत चावी, रात्री वही.

आणि मग ती सहा मिनिटं. काकांनी एक साधं होकायंत्र काढलं, घड्याळ जवळ नेलं, सुई फिरली. “लोहचुंबक लागलंय. कुठे ठेवता?” मी खिशात फोन आणि घड्याळ एकत्र ठेवत होते, आणि नवीन घेतलेल्या कव्हरला चुंबकाचं झाकण. केसाएवढ्या स्प्रिंगचे वेढे चुंबकामुळे एकमेकांना चिकटतात, स्प्रिंग आखूड झाल्यासारखी वागते आणि घड्याळ धावत सुटतं. त्यांनी एका छोट्या यंत्रावर धरून बटण दाबलं, हळूहळू लांब नेलं, झालं. पन्नास रुपये. स्मार्टवॉचच्या दोन खेपा आठवल्या आणि डोळ्यांत पाणी आलं, खरंच. बिघाड काय, का झाला, पुन्हा होऊ नये म्हणून काय करायचं, हे मला समोर बसवून कोणी सांगितलं होतं असं शेवटचं कधी झालं होतं?

आतापर्यंतचा एकूण खर्च २,२५० रुपये.

दोष आहेत. पाणी हा सगळ्यात मोठा. याला पाण्यापासून संरक्षण जवळपास नाही, धुताना लांब ठेवावं लागतं, जुलैमध्ये स्कूटरवर जाताना मी ते डब्याच्या पिशवीत झिपच्या पाउचमध्ये ठेवायचे. अंधारात काटे दिसत नाहीत, नाइटला टॉर्च लागते. काच प्लॅस्टिकची, चरे लगेच पडतात, पण टूथपेस्ट लावून मऊ कापडाने दहा मिनिटं घासलं की जातात. वेळ लावताना बटण ओढलं तरी सेकंदकाटा थांबत नाही, त्यामुळे सेकंदाला सेकंद जुळवणं कठीण. चावी रोज त्याच वेळी द्यावी. माझ्या हाताने बत्तीस वेळा, अडलं की थांबायचं, जोर करायचा नाही. पूर्ण भरल्यावर माझं ३८ तास चाललं, एका सुट्टीत मुद्दाम मोजलं.

कोणी घ्यावं? पोहणाऱ्याने, रोज पाण्यात हात असणाऱ्याने, गजरावर जगणाऱ्याने घेऊ नये. घ्यायचंच असेल तर चकचकीत रंगाची तबकडी बघून घेऊ नका. बारा, तीन, सहा, नऊ या रेघांचा जवळून फोटो मागा आणि सेकंदकाटा त्यांच्यावर बसतो का बघा. विक्रेता देत नसेल तर सोडून द्या. आणि किमतीत सर्व्हिसचे सहाशे रुपये धरूनच हिशोब करा, मग समोरच्याने काहीही लिहिलेलं असो.

चुंबकाचं कव्हर मी भावाच्या मुलाला देऊन टाकलं. सहाच्या इंजेक्शनसाठी फोन थरथरणाऱ्या गजरावर दुसऱ्या खिशात असतो. काल रात्रीची नोंद: अधिक चार सेकंद.