युएईचा कंपनी व्हिसा आठ महिने वापरल्यावर: "एकूण किती" नको, बेसिक विचारा

कुपवाडचा वेल्डर असो, कराडचा फिटर असो की साताऱ्याचा इलेक्ट्रिशियन, दुबईच्या कामाचा फोन येतो तो एकाच भाषेत: "एकूण दोन हजार दिरहॅम, राहायची सोय कंपनीची, व्हिसा कंपनीचा." कंपनीने काढून दिलेला युएईचा दोन वर्षांचा एम्प्लॉयमेंट व्हिसा आठ महिने वापरल्यावर सगळ्यात आधी सांगावंसं वाटतं ते हे, की एकूण आकड्यावर होकार देऊ नका. त्या दोन हजारांत बेसिक (मूळ पगार) किती आणि अलाउन्स (भत्ते) किती, यावर पुढची दोन वर्षं ठरतात.

हिशोब करून बघा. एका ऑफरमध्ये बेसिक १६०० आणि अलाउन्स ४००, दुसऱ्यात बेसिक ८०० आणि अलाउन्स १२००. दर महिन्याला हातात पडणार सारखेच. पण ओव्हरटाइम बेसिकवर मोजतात. बेसिकला ३० ने आणि मग ८ ने भागायचं आणि त्यावर २५ टक्के वाढ. पहिल्या ऑफरमध्ये तासाला साधारण ८.३३ दिरहॅम पडतात, दुसऱ्यात ४.१७. दिवसाला दोन तास, महिन्याचे २६ दिवस धरले तर ५२ तासांचे एकीकडे ४३३ आणि दुसरीकडे २१७. दोन वर्षांत हा फरक पाच हजार दिरहॅमच्या वर जातो. ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सोडताना मिळणारी एकरकमी रक्कम, तीही बेसिकवरच, पहिल्या पाच वर्षांत दर वर्षाला २१ दिवसांचा पगार. दोन वर्षांचे इथे २२४०, तिथे ११२०. उरलेल्या रजेचे पैसे बेसिकवर. नोकरी गेली तर विम्यातून मिळणारी भरपाईसुद्धा बेसिकच्या ६० टक्के, जास्तीत जास्त तीन महिने. म्हणजे बेसिक अर्धं झालं की पाठीमागचं सगळंच अर्धं होतं, आणि गावी बसून फोनवर बोलताना यातलं काहीच दिसत नाही.

हा आकडा दिसतो तो तिथल्या कामगार मंत्रालयाच्या ऑफर लेटरवर. कंपनीच्या लेटरहेडवरचं पत्र वेगळं आणि हे वेगळं, ही गल्लत खूप होते. मंत्रालयाच्या छापील नमुन्यात अरबी आणि इंग्रजी मजकूर शेजारी-शेजारी असतो, आणि कामगाराला कळावं म्हणून तिसरी भाषा निवडता येते. त्यात मराठी नाही, पण हिंदी आहे. हिंदीची प्रत मागून घ्या, ती मिळते. त्यावर बेसिक, प्रत्येक अलाउन्स, हुद्दा, प्रोबेशनचा (सुरुवातीच्या चाचणीचा) काळ, नोटिशीचा काळ हे सगळं स्वतंत्र रकान्यांत असतं. पुढे होणारा करार याच अटींवर होतो. म्हणून सही करायची जागा ही आहे, विमानतळ नव्हे. हुद्द्याचा रकानाही नीट वाचा. वेल्डरला साधा कामगार दाखवून व्हिसा काढला की सर्टिफिकेटचं अटेस्टेशन (सरकारी शिक्क्यांनी खरेपणा पटवणं) टळतं आणि एजंटाचं काम झटपट होतं. पण मग कागदावर तुम्ही वेल्डर नसताच, आणि पुढच्या नोकरीत तो अनुभव दाखवता येत नाही.

आता निघण्याआधीचं. पासपोर्टचं पान दोन उघडून बघा. तिथे 'एमिग्रेशन चेक रिक्वायर्ड' छापलेलं असेल तर तो ईसीआर पासपोर्ट, म्हणजे काही देशांत नोकरीला जाण्याआधी सरकारी परवानगी लागणारा. काही छापलेलं नसेल तर अडचण नाही. दहावी पास झालेल्याला ईसीआर लागत नाही, पण अर्ज करताना मार्कशीट जोडली नाही म्हणून आयटीआय झालेल्या पोरांच्या पासपोर्टवरही तो शिक्का आढळतो. पासपोर्ट रिइश्यू करून तो काढता येतो. ३६ पानी पासपोर्टला साधी फी १५०० रुपये. हे काम ऑफर यायच्या आधीच उरका, कारण ऑफर आली की सगळ्यांनाच घाई असते.

नावाचा घोळ आपल्याकडे खास आहे. दहावीच्या बोर्डाची मार्कशीट आडनाव आधी छापते, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. पासपोर्टवर दिलेलं नाव एका रकान्यात आणि आडनाव दुसऱ्या. त्यात कुठे वडिलांचं नाव आहे, कुठे नाही, कुठे स्पेलिंगमध्ये एक अक्षर जास्त. युएईतला बाबू हे आपल्यासारखं समजून घेत नाही. त्याला दोन कागदांवर दोन माणसं दिसतात. आडनावाचा रकाना रिकामा ठेवून एकच नाव लिहिलेला पासपोर्ट तर युएईच्या व्हिसाला २०२२ पासून अडतो.

ईसीआर पासपोर्ट असेल तर ई-मायग्रेट या सरकारी पोर्टलवरून एमिग्रेशन क्लिअरन्स, म्हणजे ही परवानगी, घ्यावाच लागतो. ज्या १८ देशांसाठी तो लागतो त्यांपैकी युएई एक. त्यासोबत प्रवासी भारतीय बीमा योजना येते. दोन वर्षांचा हप्ता २७५ रुपये, अपघाती मृत्यू किंवा कायमच्या अपंगत्वाला १० लाखांचं कवच. या सगळ्या प्रक्रियेत एवढ्या कमी पैशात एवढं मिळणारी दुसरी गोष्ट नाही. "क्लिअरन्सची कटकट नको, व्हिजिट व्हिसावर चल, तिथे गेल्यावर बदलून देतो" असं जो म्हणतो, तो हे कवच आणि कागदावरचा करार दोन्ही एकदम काढून घेतो. व्हिजिट व्हिसावर काम करणं तिथे गुन्हा आहे, आणि मुदत संपली की दिवसाला ५० दिरहॅम दंड सुरू होतो. तो दंड भरावा लागतो कामगाराला.

एजंटाचा परवाना ई-मायग्रेटच्या यादीत स्वतः शोधा. गावातला मध्यस्थ "मुंबईच्या ऑफिसचा माणूस" म्हणून सांगतो, पण परवाना त्या ऑफिसचा असतो, त्याच्या नावाचा नाही. कायद्याने एजंटाला जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी घेता येतो, म्हणजे ३५,४०० रुपये. ते बँकेतून द्या आणि पावती घ्या. युएईचा कायदा तर कामगाराकडून भरतीचा खर्च घ्यायलाच बंदी घालतो. त्यामुळे "व्हिसाचे पैसे पगारातून कापू" ही अट ऐकू आली तर तिथेच थांबा. म्हैस विकून किंवा सोसायटीचं कर्ज काढून लाख-दीड लाख भरण्याआधी हे दोन आकडे घरातल्या थोरांसमोर ठेवा.

सर्टिफिकेटच्या बाबतीत एक चूक वारंवार होते. कागदपत्रं करून देणारा दुकानदार अपोस्टील (आंतरराष्ट्रीय करारातल्या देशांत चालणारा एकच शिक्का) करून देतो आणि ते सगळीकडे चालतं असं सांगतो. युएई त्या करारात नाही. तिथे क्रम असा: आधी राज्य सरकारचा शिक्का, मग आपलं परराष्ट्र मंत्रालय, मग युएईचा दूतावास, आणि तिथे पोचल्यावर त्यांचं परराष्ट्र मंत्रालय. या शेवटच्या टप्प्याला १५० दिरहॅम लागतात. मूळ सर्टिफिकेट लॅमिनेट केलेलं असेल तर शिक्का मारायला जागाच उरत नाही. कागदाला धक्का न लावता ते लॅमिनेशन काढणं जिकिरीचं आहे.

एन्ट्री परमिट, म्हणजे युएईत शिरण्याची परवानगी, पीडीएफमध्ये येतो. त्यावरचा फाइल नंबर बघा. दुबईचा २०१ ने सुरू होतो, अबुधाबीचा १०१ ने, शारजाचा ३०१ ने. दुबईचा व्हिसा तिथल्या इमिग्रेशनच्या साइटवर आणि बाकीच्या अमिरातींचा फेडरल साइटवर तपासता येतो. निघण्याआधी मिरजेत छातीचा एक्स-रे काढून घेणं शहाणपणाचं. तिथे उतरल्यावर रक्ततपासणी आणि एक्स-रे होतोच, आणि जुन्या क्षयाचा व्रण दिसला तर नव्या माणसाला परत यावं लागू शकतं. घेतलेलं कर्ज तसंच राहतं.

तिथे पोचल्यावर ६० दिवसांत मेडिकल, बोटांचे ठसे, करार आणि एमिरेट्स आयडी (तिथलं ओळखपत्र) पूर्ण व्हायला हवं. हा भाग कंपनीच करते आणि बहुतेक वेळा सुरळीत होतो. पासपोर्टवर आता व्हिसाचा स्टिकर लागत नाही, आयडी कार्डच सगळं. पासपोर्ट "सांभाळायला" मागितला तर देऊ नका. तो काढून ठेवायला कायद्याने मनाई आहे. नोकरी-विम्याची नोंदणी मात्र स्वतः तपासा. बेसिक १६,००० पर्यंत असेल तर महिन्याला ५ दिरहॅम, नोंदणी नसेल तर ४०० दंड. आणि भरपाईसाठी सलग १२ महिने हप्ते भरलेले लागतात.

रोजच्या वापरात या व्हिसाची सर्वात भक्कम बाजू म्हणजे पगार बँकेतून येणं. मंत्रालयाची वेतन यंत्रणा ते बघते आणि अडलेल्या पगाराची तक्रार ॲपवरून करता येते. ५०,००० दिरहॅमपर्यंतच्या दाव्यावर मंत्रालय स्वतः निर्णय देऊ शकतं. १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावरचं काम बंद, हा नियमही खूप दिलासा देतो. सांगलीचा मे महिना कोरडा असतो. तिथला ऑगस्ट दमट, घाम वाळतच नाही.

खटकतं ते प्रोबेशन. सहा महिन्यांपर्यंत कंपनी १४ दिवसांच्या नोटिशीवर काढू शकते. तुम्हाला तिथेच दुसरी नोकरी धरायची तर महिन्याची नोटीस, आणि भरतीचा खर्च नव्या कंपनीने जुनीला द्यायचा. म्हणून पहिल्या सहा महिन्यांत नवी कंपनी सहसा तयार होत नाही. विट्याकडचे गलाईवाले (सोनं-चांदी गाळणारे कारागीर) ओळखीवर भारतभर गेले आणि पटलं नाही तर गाव बदललं. युएईत असं गाव बदलता येत नाही, व्हिसा कंपनीचा आहे. सुट्टीवर आलात तरी सहा महिन्यांपेक्षा जास्त बाहेर राहिलात की तो जातो.

गावच्या बँकेतलं साधं बचत खातं एनआरओ (परदेशी राहणाऱ्याचं भारतातल्या पैशाचं खातं) करून घ्या आणि तिकडून येणाऱ्या पैशासाठी एनआरई (परदेशी कमाईचं) खातं उघडा. एनआरई खात्यावरच्या व्याजाला भारतात कर नाही.

नोकरी सोडताना कंपनी व्हिसा रद्द करायचा कागद पुढे करते. त्यावर "माझं सगळं येणं मिळालं" असं लिहिलेलं असतं. ग्रॅच्युइटी, उरलेली रजा आणि शेवटचा पगार खात्यात जमा झाल्याचा बँकेचा मेसेज आल्याशिवाय त्या कागदावर सही करू नका, विमानाचं तिकीट काढलेलं असलं तरी.