कॅफेतून फुकट मिळणारा कॉफीचा चोथा बागेला कितपत कामाचा?

सांगलीत विश्रामबाग असो की साताऱ्यात पोवई नाका, एस्प्रेसो मशीन असलेल्या कॅफेत रोज ओला चोथा निघतो आणि घंटागाडीत जातो. मागितला तर सहसा नाही म्हणत नाहीत. बागेसाठी तो आणावा का? कंपोस्टच्या बादलीसाठी पाचपैकी साडेचार गुण, थेट कुंडीत ओतायला पाचपैकी एक.

आधी माल कसा असतो ते. डबल शॉटला साधारण १८ ग्रॅम पूड लागते, ती पाणी पिऊन जड होते आणि चकतीसारखी बाहेर पडते. त्यात दूध नाही, साखर नाही. अमृततुल्यच्या चोथ्यापेक्षा हा इथेच सरस ठरतो, कारण तिथला चहा साखर-दुधासकट उकळलेला असतो आणि चोथा धुतल्याशिवाय वापरला की मुंग्या लागतात. उडपी हॉटेलातला फिल्टर कॉफीचा चोथाही चालतो, फक्त त्यात चिकोरी असते. कोल्ड ब्रूचा, म्हणजे थंड पाण्यात तासन्‌तास भिजवून केलेल्या कॉफीचा मिळाला तर आधी तो घ्या. दळण जाड असल्याने त्याचा थर घट्ट बसत नाही. कॅफेच्या डब्यात टिशू आणि साखरेच्या पुड्या मिसळलेल्या असतात, म्हणून आपली झाकणाची छोटी बादली सकाळी देऊन संध्याकाळी परत आणणं बरं. पिशवीत बांधून ठेवलेला चोथा दोन दिवसांत आंबतो.

आता सगळ्यात पसरलेला गैरसमज. कॉफी आंबट, म्हणून चोथ्याने मातीचा सामू (pH) उतरतो, म्हणजे माती आम्ल होते, असं ठामपणे सांगितलं जातं. आम्ल बरंचसं कपात उतरलेलं असतं. उरलेल्या चोथ्याचा सामू बहुधा साडेसहाच्या आसपास, म्हणजे उदासीनाच्या जवळ असतो. कृष्णाकाठच्या चुनखडीयुक्त काळ्या मातीत जास्वंद किंवा गुलाबाची कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसतात, ती लोहाची कमतरता. तिथे चिलेटेड, म्हणजे मुळांना शोषता येईल अशा रूपातलं लोह लागतं, चोथ्याने ती पानं हिरवी होणार नाहीत.

कुंडीत तो का बिघडवतो? एस्प्रेसोचं दळण फार बारीक. वर पसरलं की वाळून पापुद्रा धरतं, पाणी कडेने निसटतं आणि मूळ कोरडं राहतं. दुसरं, कोरड्या चोथ्यात नत्र (नायट्रोजन) सुमारे दोन टक्के असलं तरी ते प्रथिनांत अडकलेलं असतं. ते मोकळं होईपर्यंत कुजवणारे जिवाणू मातीतलंच नत्र ओढून घेतात, आणि खत घातल्यावर झाड उलट फिकं पडतं. स्फुरद-पालाश (फॉस्फरस-पोटॅश) तर नावापुरतंच. उरलेलं कॅफिन आणि इतर द्रव्यं कोवळ्या मुळांना मारक, म्हणून मेथी, कोथिंबीर, मिरचीच्या रोपांच्या ट्रेजवळ हा चोथा नेऊच नका.

बादलीत मात्र त्याचं सोनं होतं. वीस लिटरच्या बादलीला तळाशी आणि बाजूंनी भोकं पाडा. मापाने एक वाटा चोथा, एक वाटा भाजीची देठं-सालं आणि तीन वाटे सुकं. सुक्यासाठी आपल्याकडे उसाचं पाचट, म्हणजे वाळलेली पानं आहेत. बोटभर तुकडे करून घाला. रसवंतीवरची चिपाडं घ्यायची तर पूर्ण वाळवूनच, नाहीतर गोडव्याला माश्या येतात. चोथा एकूण आकारमानाच्या पाचव्या भागावर जाऊ देऊ नका. विरजण म्हणून दोन मुठी जुनं शेणखत पुरतं. मूठ दाबल्यावर एखाद-दुसरा थेंब सुटला की ओल बरोबर. दर चार-पाच दिवसांनी खालचं वर करा. कुजका वास आला तर हवा कमी आणि ओल जास्त, तेव्हा पाचट वाढवा. दोन आठवडे काहीच हललं नाही तर बहुधा सुकं जास्त झालंय, पाणी शिंपडा. इतक्या छोट्या बादलीत ढीग फारसा तापत नाही, त्याची काळजी नको. साधारण तीन महिन्यांत खत काळं, भुसभुशीत होतं आणि मातीचा वास येतो. कुंडीच्या मिश्रणात ते चौथा हिस्सा घाला.

थेट घालायचाच असेल तर बारा इंची कुंडीतल्या रुजलेल्या झाडाला महिन्यातून दोन चमचे, तेही वरच्या मातीत कालवून. चोथ्यावर पांढरी-हिरवी बुरशी आली तर घाबरू नका, कुजण्याचाच तो भाग आहे. गोगलगायी मात्र चोथ्याच्या रिंगणाने भरवशाने अडत नाहीत. घरात कुत्रा असेल तर बादली झाकलेली हवी, कॅफिन त्याला विषारी असतं.

साठवायचा तर गोणपाटावर अर्धा इंच थर द्या. सांगलीच्या एप्रिलात दिवसभरात वाळतो. साताऱ्याच्या पावसाळ्यात वाळतच नाही, तेव्हा त्या दिवशी बादलीत जाईल तेवढाच आणा. आणि हाच चोथा पाकिटात भरून ‘कॉफी खत’ म्हणून विकायला दिसला तर त्यावर पैसे घालू नका. त्या पैशात चांगलं गांडूळखत येतं.