तळघरातलं वायफाय : रिपीटर काढून वायर टाकली, त्याला दहा महिने झाले

गोव्यात, फोंडा तालुक्यात आमचं घर उतारावर आहे. रस्त्याकडून एकमजली दिसतं, परसाकडून दोनमजली. खालची खोली तीन बाजूंनी डोंगरात गेलेली. चिऱ्याच्या दीड फुटी भिंती, वर स्लॅब. पूर्वी तिथे नारळ रचलेले असायचे. आता मी तिथे बसून काम करतो, कारण एप्रिल-मेमध्ये घरात तेवढीच एक जागा थंड. राऊटर मात्र वरच्या हॉलमध्ये, टीव्हीमागे. खाली रेंजची एक काडी मिळायची, तीही जिन्याच्या तोंडाशी उभं राहिलं तर.

आधी सगळे करतात तेच केलं, चौदाशे रुपयांचा रिपीटर, म्हणजे राऊटरचं वायफाय पकडून पुढे फेकणारं यंत्र, आणला. जिन्यात लावला. काड्या भरल्या, पण शंभर एमबीपीएसच्या प्लॅनवर खाली आठ-दहा मिळायचे. बिचाऱ्या यंत्राला दोष नाही. एकाच रेडिओवर वरचं ऐकायचं आणि तेच खाली सांगायचं म्हटलं की वेग निम्मा होतोच. त्यात जिन्यातच सिग्नल मरतुकडा, मग निम्मा तरी कशाचा? मोबाईल दाखवतो त्या काड्या रिपीटरपर्यंतच्या असतात, हे मला उशिरा कळलं.

ऑक्टोबरात पाऊस ओसरल्यावर वायर टाकली. वरच्या राऊटरच्या लॅन पोर्टातून, म्हणजे घरातली यंत्रं जोडायच्या भोकातून, कॅट-६ ही नेटवर्कची केबल खिडकीतून बाहेर, पावळीखालून भिंतीला धरून खाली. एकूण बावीस मीटर. शंभर मीटरपर्यंत चालते, म्हणून लांबीची काळजी नव्हती. खाली कपाटात पडलेला जुना राऊटर जोडला. त्याचा पत्ता बदलून १९२.१६८.१.२ केला, कारण वरच्याचा शेवट १ ने होतो आणि दोघांचा पत्ता एकच चालत नाही. त्याचं डीएचसीपी, म्हणजे मोबाईलना पत्ते वाटायचं काम, बंद केलं; ते वरचाच करतो. नाव-पासवर्ड वरचाच ठेवला, चॅनल तेवढा वेगळा, वर १ आणि खाली ६. केबल लॅनच्या भोकात घालायची होती, मी वॅनमध्ये, म्हणजे बाहेरून येणाऱ्या इंटरनेटच्या भोकात घातली. अख्खा रविवार मोबाईल ‘आयपी ॲड्रेस मिळवत आहे’ एवढंच म्हणत बसला.

भोक बदललं आणि खाली ९३-९४ मिळू लागले. जुन्या राऊटरचे पोर्ट शंभरचेच आहेत, म्हणजे त्याहून जास्त मिळणारही नाहीत. मला पुरतात. मे महिन्यापर्यंत त्या केबलकडे ढुंकूनही पाहिलं नाही. फक्त गडगडाट सुरू झाला की प्लगबरोबर केबलही उपटून ठेवायचो. वीज तारेतून यायला लांब जावं लागत नाही.

जुलैत रडगाणं सुरू झालं. मीटिंगमध्ये दोन मिनिटं तोंड हलायचं, आवाज गायब. राऊटर बंद-चालू केला, प्लॅनवाल्यांना शिव्या घातल्या. शेवटी ओळखीचा वायरमन आला. त्याने खालचं कनेक्टर काढून उजेडात धरलं. पिनांवर हिरवट बुरा. मग ब्लेडने एक तार खरवडली. वरचा तांबूस मुलामा गेला आणि आत पांढरी चकाकी. ‘ही तांब्याची न्हय,’ म्हणाला. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा! दुकानात ‘कॅट-६च आहे’ म्हणून स्वस्तात दिलेली. अशी तार वळणावर चटकन तुटते आणि आमच्या दमट हवेत लवकर खराब होते.

दुसरी चूक माझीच. भिंतीतलं भोक आतल्या बाजूला उतरतं पाडलं होतं, त्यामुळे पावसाचं पाणी केबल धरून सरळ आत, थेट कनेक्टरवर. आता भोक बाहेर उतरतं आहे आणि आत शिरण्याआधी केबलला खाली एक वळसा ठेवलाय, पाणी तिथूनच ठिबकतं. नवी केबल शुद्ध तांब्याची, काळ्या बाहेरच्या आवरणाची. दुप्पट पैसे गेले. खरेदी करताना एक तुकडा मागून ब्लेडने खरवडून बघा, दुकानदार नाक मुरडेल, मुरडू दे.

गणेश चवथीला पाहुणे आले, खाली एका वेळी अकरा मोबाईल होते, कुणी ओरडलं नाही. एक खोट राहिली आहे. जिना उतरताना मोबाईल वरच्या राऊटरला चिकटून राहतो, मग मधल्या पायरीवर कॉल तुटतो. आई आता बोलत बोलत जिना उतरत नाही, वरच उभी राहून गप्पा संपवते. काढलेली वायर परसात कपडे वाळत घालायला बांधली आहे.