बेरी की रॉचडेल? मँचेस्टरहून एकच दिवस काढायचा असेल तर

भारतातून आईबाबा आलेत, मँचेस्टर बघून झालंय आणि हातात एक दिवस आहे, अशा वेळी हमखास विचारतात की बेरीला जाऊ की रॉचडेलला. (स्पेलिंग बघून आपण ब्युरी म्हणतो, तिकडे सगळे बेरीच म्हणतात.) दोन्ही जुनी बाजाराची गावं, रॉचडेलला बाजाराची सनद १२५१ ला मिळाली आणि बेरीला १४४४ ला, पुढे दोन्हीकडे कापडाच्या गिरण्या आल्या आणि नंतर बंद पडल्या. पण आज फिरायला गेलं की दोन्हीकडे अगदी वेगळं काही हाती लागतं.

बेरीत बाजार अजून जिवंत आहे. मोठा बाजार बुधवार, शुक्रवार आणि शनिवारी भरतो, तेव्हा वार बघूनच निघा. चीज, मासे, कापड, सगळं आहे, पण गर्दी असते ती ब्लॅक पुडिंगच्या गाड्यावर, गरम पाण्यातून काढतात, मधोमध उभं चिरतात, वर मोहरीचं सॉस आणि लगेच हातात. दिसायला काळं सॉसेज वाटतं पण त्यात डुकराचं रक्त असतं, त्यामुळे ज्यांना चालत नाही त्यांना आधीच सांगून ठेवा. लहान मुलं बरोबर असतील तर ईस्ट लँकेशर रेल्वे चुकवू नका, १९८७ पासून स्वयंसेवकांनी परत सुरू केलेली, हेवूड ते रॉटनस्टॉल १२ मैल, वाफेचं इंजिन, मध्ये रॅम्सबॉटमला उतरून छान भटकता येतं. फक्त गाडी रोज नसते.

इतिहासात रस असेल तर शाळेत वाचलेला मागावरचा धावता धोटा आठवा, १७३३ चा, तो करणारा जॉन के याच बेरीजवळचा. गिरणीवाल्यांनी धोटा वापरला पण त्याचे पैसे बुडवले, आणि तो बिचारा शेवटी फ्रान्सला गेला तो तिकडेच वारला. लंडनचे पोलीस उभे करणारा रॉबर्ट पीलही इथलाच, चौकात पुतळा आहे.

आता रॉचडेल, आणि इथे मी सरळ बाजू घेतो, कारण ज्याच्या घरात कोणी ना कोणी सहकारी सोसायटीचा सभासद आहे अशा मराठी माणसाने टोड लेनवरचं ते छोटं दुकान बघायलाच हवं. १८४४ सालची २१ डिसेंबरची रात्र, वर्षातली सगळ्यात लांब रात्र, २८ जणांनी, त्यात बरेच विणकर, माणशी एक पौंड जमवून दुकान उघडलं, माल काय तर लोणी, साखर, पीठ, ओटचं पीठ आणि मेणबत्त्या, बस. तेव्हा दुकानदार सर्रास भेसळ करायचे आणि उधारीत गिऱ्हाईक अडकवायचे, म्हणून यांचा नियम असा की माल शुद्ध, माप पूर्ण आणि व्यवहार रोखीने. नफा ज्याने जेवढी खरेदी केली त्या प्रमाणात परत, आणि पैसे किती का घातलेले असेनात, एका सभासदाला एकच मत. आपल्याकडे प्रवरेचा साखर कारखाना ज्या विचारावर उभा राहिला त्याचं मूळ हे. आता तिथे म्युझियम आहे, पुढच्या खोलीत तेव्हाचं दुकान मांडलंय, तराजू, पिंपं, लाकडी फळ्या, आणि खोली इतकी लहान की इथून सुरू झालेला सहकार जगभर गेला यावर पटकन विश्वास बसत नाही.

तिथून चालत टाऊन हॉलला जा. १८७१ चा, आत छताला कोरीव लाकडी देवदूत आणि काचांवर इंग्लंडचे राजेराण्या, गिरण्यांच्या पैशात काय जोर होता ते तिथे कळतं. पहिला मनोरा १८८३ ला जळाला, आत्ताचा नंतरचा. बऱ्याच वर्षांच्या डागडुजीनंतर २०२४ ला परत उघडलाय. आणि एक लक्षात असू द्या, अमेरिकेतल्या यादवी युद्धात तिकडचा कापूस बंद झाला तेव्हा या भागातल्या गिरण्यांनी मुंबईहून आलेला कापूस चालवला, सुरती म्हणायचे त्याला, धागा आखूड, सारखा तुटायचा, विणकर वैतागायचे, पण मुंबईत त्याच कापसाने पैशाचा पूर आला.

जायचं म्हणाल तर बेरीला ट्रॅम सरळ जाते. रॉचडेलची ट्रॅम ओल्डहॅमवरून फिरत जाते, वेळ खाते, त्यापेक्षा मँचेस्टरच्या व्हिक्टोरिया स्टेशनहून रेल्वे पकडा. लहान मुलं किंवा खरेदी असेल तर बेरी, बाकी सगळ्यांना रॉचडेल. शनिवार असेल आणि पायात दम असेल तर सकाळी लवकर बेरीचा बाजार करून बसने रॉचडेल गाठा, पण टोड लेनचं म्युझियम त्या दिवशी किती वाजेपर्यंत उघडं आहे ते आधी बघून घ्या.