ट्रिगरमधली बॅटरी : मोरिनी सीएम १६२ ईआय एअर पिस्तूल

हत्यारात बॅटरी म्हटली की जुने नेमबाज नाक मुरडतात, आणि ते उगीच नाही. रेमिंग्टननं २००० साली मॉडेल ७०० रायफलचं ‘एट्रॉनएक्स’ हे रूप काढलं. दस्त्यात ९ व्होल्टची बॅटरी होती आणि काडतुसाची टोपी घावानं नव्हे, विजेनं पेटायची. ट्रिगर दाबणं आणि गोळी पेटणं यांतला वेळ जवळजवळ नाहीसा झाल्याचा दावा होता, आणि तो खोटाही नव्हता. पण त्या टोप्या खास त्याच रायफलच्या. बाजारात मिळणारी साधी टोपी तिच्यात चालत नसे. तीनेक वर्षांत माल बंद झाला आणि रायफल विकत घेणारा टोप्या शोधत बसला. जर्मनीच्या आर्माटिक्सचं ‘स्मार्ट’ पिस्तूल तर मनगटातलं घड्याळ जवळ असल्याशिवाय चालायचं नाही. २०१७ मध्ये एका हॅकरनं काही स्वस्त लोहचुंबकं शेजारी धरून ते घड्याळाशिवाय चालवून दाखवलं.

मग स्वित्झर्लंडच्या मोरिनीचं इलेक्ट्रॉनिक ट्रिगरचं पिस्तूल नव्वदच्या दशकापासून आजपर्यंत १० मीटरच्या रेंजवर टिकलं कसं? कारण यात वीज फक्त एकाच जागी आहे. छर्रा साधा ४.५ मि.मी.चा, कुठल्याही चांगल्या कंपनीचा चालतो. हवा २०० बार दाबाच्या सिलिंडरमधली. नळी, व्हॉल्व्ह, साईट सगळं ओळखीचं. ट्रिगरच्या पात्यामागे खाचेत अडकलेला पोलादी खटका नाही, तर स्विच आहे. स्विच जुळला की सर्किट पुढची यांत्रिकी सोडतं. बोटाला लागतो तो फक्त स्प्रिंगचा दाब.

याचा फायदा ऐकायला किरकोळ वाटतो, पण १० मीटरला तोच महत्त्वाचा. यांत्रिक ट्रिगरमध्ये दोन पोलादी कडा एकमेकींवर घासून सुटतात. कड झिजली, तेल वाळलं, धूळ बसली की सुटण्याची जागा केसभर सरकते. दहाचं वर्तुळ ११.५ मि.मी.चं. सुटण्याची जागा बोटाला आधी कळली नाही की हात दचकतो आणि दहाचे आठ होतात. इलेक्ट्रॉनिकमध्ये ती झीज नाही. हजारो शॉटनंतरही ट्रिगरच्या ओढीचा पहिला, हलका टप्पा तिथेच संपतो आणि शॉट सोडणारा दुसरा तिथेच सुटतो. ड्राय फायरिंग, म्हणजे छर्रा न घालता नुसता ट्रिगर ओढायचा सराव, तोही हवा न घालवता करता येतो, आणि रोज तासभर भिंतीकडे तोंड करून सराव करणाऱ्याला हे फार मोलाचं आहे.

ट्रिगर लावताना घाई नको. ट्रिगर सुटायला लागणारं वजन नियमानं किमान ५०० ग्रॅम. नळी उभी धरून, पात्याच्या मध्यावर वजन अडकवून उचलायचं. घरी बरोबर ५०० वर आणून ठेवलेलं पिस्तूल तपासणीच्या टेबलावर हमखास नापास होतं, कारण वजन जरा खाली-वर अडकलं तरी फरक पडतो. ५१० ते ५२० वर ठेवा. आधी पात्याची जागा, मग पहिल्या टप्प्याची चाल, शेवटी वजन. उलट क्रमानं केलंत तर एक स्क्रू फिरवला की आधीचं बिघडतं आणि संध्याकाळ त्यातच जाते.

ग्रिपबद्दल वेगळं लिहायलाच हवं. कंपनीची खरी जुनी ओळख ग्रिपचीच, आणि इतर ब्रँडच्या पिस्तुलांवरही मोरिनीची ग्रिप बसवलेली दिसते. पण बॉक्समधून निघालेली ग्रिप आपल्या हाताची नसते. अंगठ्याखाली आणि तळहाताच्या पोकळीत लाकडाची पुट्टी थोडी थोडी भरायची, वाळू द्यायची, घासायची, पुन्हा धरून बघायची. मुंबई-कोकणातल्या पावसाळ्यात लाकूड दमट होतं आणि मार्चमध्ये घट्ट बसलेली ग्रिप जुलैत टोचते. म्हणून शेवटची घासणी कोरड्या दिवसांतच करावी.

आता दोष. बॅटरीचा बाऊ लोक उगाच करतात. एक सुटी बॅटरी पेटीत ठेवली की तो प्रश्न मिटला. पण स्पर्धा संपल्यावर बॅटरी आतच ठेवून पिस्तूल दोन महिने कपाटात टाकलं, तर गळालेल्या बॅटरीनं संपर्कपट्ट्यांवर हिरवट थर चढतो. मग ट्रिगर कधी लागतो, कधी नाही. असा अधूनमधूनचा बिघाड सगळ्यात वाईट, कारण दुकानात दाखवायला नेलं की तो नेमका दिसत नाही. शिवाय सर्किटला कानस लावून भागत नाही. गावातला कारागीर यांत्रिक खटका घासून देईल, सर्किट मात्र बदलावंच लागतं. ज्यांच्याजवळ सर्व्हिसची सोय नाही, त्यांनी याच घराण्यातलं यांत्रिक ट्रिगरचं १६२ एमआय आधी हातात घेऊन बघावं.

टोकियो ऑलिंपिकमध्ये २०२१ साली नेमबाज मनू भाकरचं पिस्तूल पात्रता फेरीत मध्येच बंद पडलं, ते आपल्याकडे सगळ्यांना आठवतं. बोल इलेक्ट्रॉनिक ट्रिगरलाच लागला, पण कॉकिंग लिव्हर (छर्रा भरताना उघडायचा दांडा) तुटल्याचंही तेव्हा सांगितलं गेलं, आणि लिव्हर हा यांत्रिक भाग. दुरुस्तीत मिनिटं गेली, ६०० पैकी ५७५ गुणांवर ती बारावी आली आणि अंतिम फेरी दोन गुणांनी हुकली. २०२४ मध्ये पॅरिसला याच मॉडेलनं तिनं कांस्य घेतलं. तेव्हा पिस्तूल एक कोटीचं असल्याची अफवा पसरली. तिनं स्वतः किंमत दीड-पावणेदोन लाखांच्या आसपास सांगितली.

लाखांच्या पिस्तुलाचा खरा शत्रू वीज नसून हवा आहे. हातपंपानं सिलिंडर भरताना पावसाळी हवेतलं पाणी आत जातं आणि हवेचा दाब सारखा ठेवणाऱ्या रेग्युलेटरमध्ये गंज धरतो. फिल्टर लावा, मधेमधे पाणी सोडा, सावकाश भरा. भरल्यावर सिलिंडर गरम लागत असेल तर थांबा. थंड झाला की दाब उतरलेला दिसेल, मग वर न्या. ओ-रिंगला, म्हणजे सांध्यात हवा अडवणाऱ्या रबरी कडीला, सिलिकॉन ग्रीसच लावायचं. शिवणयंत्राचं किंवा गाडीचं तेल दाबाच्या हवेत पेट घेऊ शकतं. ऑक्सिजननं तर कधीच भरू नका.

शॉट खाली पडू लागले की लोक साईटचे स्क्रू फिरवू लागतात. त्याआधी टिश्यूपेपरची अरुंद पट्टी ब्रीचच्या (नळीच्या मागच्या, छर्रा भरायच्या तोंडाच्या) सांध्यावर धरून, नळी सुरक्षित दिशेला ठेवून एक शॉट मारा. पट्टी फडफडली तर तिथली ओ-रिंग गेली आहे, हवा मागून निसटतेय आणि छर्‍याचा वेग घटलाय. रिंग किरकोळ किमतीची असते.

महागड्या मॉडेलांत धक्का शोषणारं यंत्र, रंगीत नळ्या, ढीगभर सुटी वजनं असतं. त्यातलं शोषकयंत्र खोटं नाही, पण ५५० गुणांच्या खाली मारणाऱ्याला त्याचा फरक कळणार नाही. त्या पैशात एका वर्षाचे छर्रे येतात.

जुनं १६२ घेणार असाल तर रंग, ग्रिप, पेटी नंतर बघा. आधी सिलिंडर खोलून त्यावर कोरलेली तारीख वाचा. मुदत साधारण दहा वर्षांची, आणि मुदतबाह्य सिलिंडर न वापरण्याची जबाबदारी नियमानं नेमबाजाचीच. तारीख उलटून गेली असेल तर नव्या सिलिंडरची किंमत सौद्यातून वजा करा. विकणारा तयार नसेल, तर पिस्तूल परत पेटीत ठेवून द्या.